वळणावर घसरलेली मोटारसायकल

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा आणि नुसते मोजा. दर मिनिटाला किती मोटारसायकली तुमच्यासमोरून जातात? मोजता मोजता तुमची बोटे अपुरी पडतील. काही भोसरी-निगडीकडे वळतात, काही तळेगावकडे, तर काही राजगुरुनगर, मंचर, जुन्नरच्या बाजूच्या आपापल्या गावी निघतात. हा सारा टापूच दुचाकीचा. आकुर्डीत स्कूटर तयार झाल्या, चाकणला मोटारसायकली तयार होतात. भोसरीला १९६७ सालापासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली वाहनसंशोधनाची संस्था, म्हणजे 'एआरएआय', आहे. दुचाकी ज्या गावात जन्मते त्याच गावात तिचे शास्त्रही शिकावे, म्हणून हा लेख.

समजा, यांपैकीच एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण रात्रपाळी संपवून गावी निघाला आहे. राजगुरुनगर मागे टाकून तो वाड्याच्या वाटेने भीमाशंकरकडे चालला आहे. रस्ता डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत जातो. पावसाळा नुकताच सरला आहे. डोंगरावरून वाहून आलेली बारीक वाळू एका डाव्या वळणावर पसरलेली आहे. डोक्यावर हेल्मेट आहे आणि त्याचा पट्टाही हनुवटीखाली लावलेला आहे. (हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.) वेग ताशी ४६ किलोमीटर. फार नाही, असे तुम्ही म्हणाल. तोही तसेच म्हणाला असता.

हा तरुण काल्पनिक आहे. पण वळणावर पडून वाचलेल्या माणसांच्या हकिकती ऐकल्या, तर पुढचे टप्पे त्यांत पुन्हा पुन्हा भेटतात. आपण त्याच्याबरोबर वर्षभर चालणार आहोत. त्याआधी मात्र एक प्रयोग करू.

रबर आणि फळी

चित्रकलेची फळी घ्या. तिच्यावर खोडरबर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. एका ठराविक कोनाला रबर घसरू लागेल. त्या क्षणी फळी थांबवा. उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा, आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतरही मोजा. उंचीला या आडव्या अंतराने भागले की रबर आणि फळी यांचा घर्षणांक मिळतो. आता फळीवर चिमूटभर बारीक वाळू भुरभुरवा आणि पुन्हा तेच करा. रबर किती लवकर घसरते ते पाहा. वाळूचे कण रबराखाली छोट्या गोट्यांसारखे गडगडतात. रबराला फळी धरताच येत नाही.

हेच रबर म्हणजे टायर आणि ही फळी म्हणजे रस्ता. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक ढोबळमानाने ०.७ धरता येतो. ओल्या रस्त्यावर तो ०.४च्या आसपास उतरतो आणि वाळू पसरलेल्या ठिकाणी ०.२पर्यंतही घसरतो. टायर किती झिजला आहे, डांबर कसे आहे, यांवर हे आकडे बदलतात. पण आपल्या हिशेबाला एवढे पुरे.

आता वळणाकडे वळू. न्यूटनचा पहिला नियम तुम्ही पाठ केला आहे. गतिमान वस्तू आपण होऊन सरळ रेषेतच जाते. तिला वळवायचे तर वर्तुळाच्या केंद्राच्या दिशेने बल लावावे लागते. दोरीला दगड बांधून फिरवला तर हे अभिकेंद्री बल दोरी पुरवते. मोटारसायकलीला कोण पुरवते? केवळ टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. तळहाताएवढ्या दोन जागी टायर रस्त्याला टेकलेला असतो, आणि तेवढ्या आधारावर माणूस, त्याची गाडी आणि त्याचा डबा, सगळेच वळत असते.

लागणारे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. मिळू शकणारे जास्तीत जास्त त्वरण म्हणजे घर्षणांक गुणिले ९.८. दोन्ही सारखे मांडले की त्या वळणावरचा कमाल वेग निघतो. आपल्या वळणाची त्रिज्या ३० मीटर धरू. कोरड्या रस्त्यावर उत्तर येते ताशी सुमारे ५२ किलोमीटर, ओल्या रस्त्यावर ३९ आणि वाळूवर अवघे २८. वहीत स्वतः करून पाहा. मीटर-सेकंदांत आलेल्या उत्तराला ३.६ने गुणायला विसरू नका. या हिशेबात गाडीचे वजन कुठेच आले नाही, हेही पाहून ठेवा. जड गाडी रस्ता अधिक घट्ट धरते असे छातीठोकपणे सांगणारे काका प्रत्येक गावात असतात. त्यांना हा हिशेब दाखवा.

वळताना स्वार गाडी आतल्या बाजूला कलवतो. किती? कलण्याच्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले ९.८. ताशी ४६ला हा कोन सुमारे २९ अंश येतो. आणि तुमच्या फळीचा कोन? त्याचीही स्पर्शज्या म्हणजेच घर्षणांक होता. म्हणजे फळी ज्या कोनाला रबर सोडते, साधारण त्याच कोनापर्यंत गाडी कलू शकते. त्यापुढे रस्ता टायरला सोडतो. वाळू टाकलेल्या फळीवर तुमचे रबर किती अंशांना घसरले, ते पुन्हा एकदा पाहा.

आपल्या स्वाराला वाळू दिसली तेव्हा त्याने काय केले? जे बहुतेक जण करतात तेच केले. ब्रेक करकचून दाबला. इथे पायथागोरस मदतीला येतो. टायरजवळ घर्षणाची एकच शिदोरी असते. तीतूनच वळायचे आणि तीतूनच थांबायचे. वळण्याचे बल बाजूला असते आणि ब्रेकचे मागे, म्हणजे ही दोन्ही बले काटकोनात. काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणजे एकूण शिदोरी समजा. ५२च्या मर्यादेच्या वळणावर ४६ने जाताना ५ पैकी ४ भाग वळण्यातच खर्च होतात. मग ब्रेकसाठी उरतात ३ भाग. ३, ४ आणि ५ यांचा त्रिकोण तुम्हाला ठाऊक आहेच. हा झाला कोरड्या रस्त्याचा हिशेब. वाळूवर तर वळण्यापुरतेही घर्षण नव्हते, मग ब्रेकसाठी कुठून येणार? पुढचे चाक अडकले, गाडी आडवी झाली आणि सरकत गेली. म्हणूनच अनुभवी माणसे वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर असतानाच कमी करतात. चाक अडकू न देणारी 'एबीएस' नावाची ब्रेकव्यवस्था १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या दुचाकींना आपल्याकडे २०१९पासून सक्तीची आहे. तिने चाक अडकत नाही हे खरे, पण वाळूचा घर्षणांक काही ती वाढवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. रात्रपाळीने जड झालेल्या डोळ्यांना वाळू दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असेल, तर तेवढ्यात गाडी जवळजवळ १३ मीटर पुढे गेली. तुमचा वर्ग किती लांब आहे?

आपटणे आणि सरकणे

पडल्यावर माणसाचे काय होणार, हे त्याच्या वेगापेक्षाही तो किती अंतरात थांबतो यावर ठरते. ताशी ४६ने, म्हणजे सेकंदाला १२.८ मीटरने, रस्त्यावर सरकत गेलेला माणूस साधारण १४ मीटर जाऊन थांबतो. त्याला दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. कपडे फाटतात, कातडी सोलून निघते, पण हाडे पुष्कळदा शाबूत राहतात. तोच माणूस तेवढ्याच वेगाने पुलाच्या दगडी कठड्यावर आदळला आणि १० सेंटिमीटरांत थांबला, तर त्याचे ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ८० पटींहून अधिक होते, आणि वेळ लागतो सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा. गेलेली गतिज ऊर्जा दोन्हीकडे सारखीच. पहिल्या ठिकाणी ती कपड्यांनी आणि डांबराने हळूहळू खाल्ली, दुसऱ्या ठिकाणी हाडांनी एकदम.

डोक्याचा हिशेब निराळा. सरकत जाणाऱ्या माणसाचे डोकेसुद्धा वरून खाली आपटतेच. दीड मीटर उंचीवरून पडताना डोके रस्त्याला ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने भेटते. मग गाडी उभी असली तरीही. हेल्मेट नसेल तर त्याला थांबायला त्वचेची आणि हाडाची मिळून समजा ५ मिलिमीटर जागा मिळते. ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ३०० पट! हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. तो चेपत जातो आणि समजा २५ मिलिमीटर जागा देतो. ३०० पटींचे झाले ६० पट. हेल्मेटची सारी करामत या २० मिलिमीटरांत आहे. बाहेरचे चकचकीत कवच आघात पसरवते, टोकदार दगड आत शिरू देत नाही. पण वेळ मिळवून देतो तो आतला फुसका वाटणारा थर. तो एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातातले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. आणि पट्टा लावलेला नसेल तर डोके रस्त्याला लागण्याआधीच हेल्मेट भलतीकडे गेलेले असते. हँडलला अडकवलेल्या हेल्मेटबद्दल काही लिहिण्याची गरज नाही.

हे ज्ञान फार जुने नाही. १३ मे १९३५ रोजी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडात डॉर्सेट परगण्यातील आपल्या घराजवळ मोटारसायकलवरून जात होता. रस्त्याच्या खोलगट भागात सायकलवरची दोन मुले त्याला आयत्या वेळी दिसली. त्यांना चुकवताना तो हँडलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी तो वारला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याच्या मनातून ही घटना गेली नाही. पुढे महायुद्धात लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती त्याने एकेक करून अभ्यासल्या आणि हेल्मेटाने जीव वाचतो हे १९४१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले. ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांना मात्र तिथेही १९७३पर्यंत सक्ती नव्हती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने चालवणाऱ्यालाच नव्हे, तर मागे बसलेल्यालाही हेल्मेट लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील मुलांनाही. विकत घेताना आय.एस.आय. चिन्ह आणि 'आयएस ४१५१' हा मानकाचा क्रमांक पाहावा.

पहिला तास

आपला स्वार रस्त्याच्या कडेला पडला आहे. डाव्या नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले आहे. खांदा जमिनीवर आपटला आहे. शुद्ध आहे. दोनचार गाड्या थांबतात. इथे गर्दीत तुम्हीही असू शकता, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

"उठवून बसवा रे त्याला!" "पाणी पाजा!" "हेल्मेट काढा आधी, जीव गुदमरेल!" तिन्ही सूचना प्रेमापोटी आलेल्या असतात आणि तिन्ही घातक ठरू शकतात. मानेचा मणका मोडला असेल तर उठवून बसवण्यात आतील मज्जारज्जू चिरडला जाऊ शकतो. पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी भूल देतानाही पोट रिकामे असलेले बरे. हेल्मेटाचे असे, की श्वास नीट चालू असेल तर ते डोक्यावरच राहू द्यावे. समोरची काच तेवढी वर करावी. श्वास अडत असेल, उलटीने तोंड भरले असेल, तरच ते काढावे, आणि तेही दोघांनी. एकाने मान आणि जबडा खालून घट्ट आधार देऊन धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडवून हेल्मेट हळूहळू ओढायचे.

पहिले काम म्हणजे आणखी अपघात होऊ न देणे. वळणाच्या अलीकडे कोणाला तरी उभे करा, म्हणजे मागून येणारा टेंपो तुमच्यावर येणार नाही. मग १०८ला फोन. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. ११२ हाही क्रमांक चालतो. ठिकाण नीट सांगा: कोणत्या गावाच्या पुढे, कोणत्या फाट्यापाशी, जवळचा किलोमीटरचा दगड कोणता. मग जखमीजवळ बसा. "दादा, हलू नका, गाडी येतेय," एवढे शांत आवाजात सांगितले तरी त्याची धडपड थांबते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सतत दाबून धरा. दर मिनिटाला उचलून पाहू नका. धरू लागलेली गुठळी निघते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न दिसता एक-दीड लिटर रक्त मांडीतच साठू शकते. म्हणून माणूस पांढराफटक पडला, घाम फुटला, नाडी जलद आणि बारीक झाली, तर जखम लहान दिसते म्हणून निश्चिंत राहू नये. हाड बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. हळद, चुना, माती, कॉफीची पूड यांतले काहीही जखमेत भरू नये.

एका फसव्या प्रकाराबद्दल सांगितले पाहिजे. कधीकधी पडलेला माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, कपडे झटकतो, "मला काही झालं नाही," म्हणतो आणि घरीही जातो. कानशिलाजवळचे कवटीचे हाड पातळ असते. त्याखालची रक्तवाहिनी फाटली असेल तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त हळूहळू साठत राहते. काही तासांनी डोके ठणकू लागते, उलट्या होतात, गुंगी येते. घरातल्यांना वाटते दमला आहे, झोपू द्या. या वेळी त्याला तडक रुग्णालयात नेले आणि साठलेले रक्त वेळेवर काढले, तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. डोक्याला मार बसलेल्या माणसाला पहिले चोवीस तास एकटे ठेवू नये, याचे कारण हे.

पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून पुष्कळ लोक थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना बळ दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलमच आले. मदत करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

हाड कसे सांधते

पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. अशा मोठ्या रुग्णालयात उघड्या मोडीचा रुग्ण आला की धनुर्वाताची लस आणि प्रतिजैविक लगेच दिले जाते. मग जखम भरपूर पाण्याने धुऊन मेलेला भाग कापून काढतात. मोडलेल्या हाडापेक्षा त्यात शिरलेली माती अधिक वैरी असते. पेनिसिलिन येण्यापूर्वी अशा मोडीमुळे पाय, आणि पुष्कळदा प्राणही जात. याचा पिंपरीशी जवळचा संबंध आहे. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आजूबाजूला फक्त शेते होती तेव्हाची ही गोष्ट. आज उघड्या मोडीला बहुधा सेफॅलोस्पोरिन गटातले औषध देतात; रेणूच्या रचनेत पाहिले तर ते पेनिसिलिनचे भावंडच आहे.

आपल्या स्वाराच्या "पायात रॉड टाकला". सगळे असेच म्हणतात. नडगीचे हाड आतून पोकळ असते. त्या पोकळीत गुडघ्याच्या बाजूने धातूची लांब सळई सरकवतात आणि दोन्ही टोकांना आडवे स्क्रू बसवतात. जर्मन शल्यविशारद गेर्हार्ड क्युंचर याने १९३९ साली ही रीत सुरू केली. पण रॉड हाड जोडत नाही बरे का! तो फक्त तुकडे एका रेषेत धरून ठेवतो. जोडण्याचे काम शरीर करते, आणि ते पाहण्यासारखे असते.

मोडीच्या जागी प्रथम रक्ताची गुठळी होते. तिच्यात पेशी शिरतात. दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखा मऊ गोळा तयार होतो. त्यात हळूहळू कॅल्शियमचे क्षार बसतात आणि गोळा टणक होतो. क्ष-किरण चित्रात तो मोडीभोवती ढगासारखा दिसू लागतो. मोठ्या माणसाच्या नडगीला पक्के सांधायला चार ते सहा महिने लागतात, उघडी मोड असेल तर त्याहूनही अधिक. मग सुरू होते कोरीव काम. काही पेशी नको असलेले हाड खातात, काही हवे तिथे नवे बांधतात. हे वर्ष-दोन वर्षे चालते. हाडावर भार ज्या दिशेने पडतो त्या दिशेने ते मजबूत होते, असे युलियस वोल्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली मांडले. त्यामुळे डॉक्टर एकीकडे "पायावर भार देऊ नका" म्हणतात आणि काही आठवड्यांनी "आता द्या" म्हणतात, यात विसंगती नाही. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवून, कुबड्यांवर उभे राहून, दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि काटा १५ किलोवर येईपर्यंतच दाबायचे, अशा रीतीने फिजिओथेरपिस्ट हा भार मोजून शिकवतात.

घरोघरी या काळात पायाचे सूप येते. ते जरूर प्यावे, गरम आणि चविष्ट असते. पण बोकडाच्या पायातले हाड आपल्या पायात जाऊन बसत नाही. डाळी, अंडी, दूध, मासे यांतील प्रथिने आणि कॅल्शियम यांची गरज मात्र खरी. तंबाखू आणि विडी-सिगारेट हाड सांधण्याला उशीर लावतात, हे सिद्ध झाले आहे. हाडवैद्याकडे जाऊन घट्ट पट्ट्या बांधून घेणे धोक्याचे असते. बांधल्यावर वेदना वाढत गेल्या, बोटे गार पडली, बधिर झाली, तर आत रक्त पोचत नाही असे समजावे आणि पट्टी तत्काळ सैल करून रुग्णालय गाठावे. प्लास्टरमध्येही हे होऊ शकते.

हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला तर? सायबेरियातील कुर्गान गावी गाव्रील इलिझारोव याने १९५०च्या सुमारास पायाभोवती कडी आणि त्यांतून आरपार तारा अशी एक चौकट तयार केली. सुरुवातीला त्याने सायकलच्या आऱ्या वापरल्या असे सांगतात. हाड निरोगी जागी कापायचे आणि त्याची टोके रोज एक मिलिमीटर दूर सारायची. मधल्या फटीत शरीर नवे हाड भरत जाते. याहून घाई केली तर हाड भरत नाही, आणि रेंगाळले तर फट अवेळी सांधून बसते.

हाच एक मिलिमीटर आणखी एका ठिकाणी भेटतो. मोटारसायकलवरून खांद्यावर पडताना डोके एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला जातो. मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे ताणले जाते, कधी तुटते. आपल्या स्वाराचा हात त्यामुळे लुळा पडला होता. पाय मोडल्याच्या गडबडीत तिकडे पहिले दोन दिवस कोणाचे लक्ष गेले नाही. असे पुष्कळदा घडते. मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने. मानेपासून कोपराच्या स्नायूंपर्यंत ३० सेंटिमीटर धरले तर किती दिवस झाले? तीनशे. बोटांपर्यंत दोन वर्षे. पण स्नायू तेवढा काळ वाट पाहत नाही. वर्ष-दीड वर्ष संदेश आला नाही तर तो वाळत जातो आणि मग तंतू पोचूनही उपयोग होत नाही. म्हणून तुटलेला तंतू जोडण्याची शस्त्रक्रिया करायची असेल तर ती पहिल्या काही महिन्यांतच करावी लागते. 'हात आपोआप येईल' म्हणून वर्ष घालवणे परवडत नाही. आपल्या स्वाराचे तंतू फक्त ताणले गेले होते. नवव्या महिन्यात त्याला चहाचा कप धरता आला.

पुन्हा वळण

दहाव्या महिन्यात तो कामावर गेला, कारखान्याच्या बसने. मोटारसायकलवर बसायला आणखी वेळ लागला. वळण आले की खांदे ताठ होत, मागून ट्रकचा हॉर्न वाजला की घाम फुटे, स्वप्नात रस्ता दिसे. याला भित्रेपणा म्हणू नका. जिवावर बेतलेली घटना मेंदू विसरू देत नाही. ती अशीच महिनोन्महिने छळत राहिली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, जसे हाडासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो.

शिकवणाऱ्याने त्याला एकच नवी सवय लावली. माणूस जिकडे पाहतो तिकडे गाडी नेतो. घाबरलेला स्वार दरीकडे किंवा कठड्याकडे टक लावतो आणि नेमका तिकडेच जातो. वळण जिथे संपते तिथे पाहायचे आणि मान तिकडे फिरवायची. हात आपोआप मागून येतात. सायकलवरही हे करून पाहता येईल. मोटारसायकलवर मात्र थांबा: गिअरच्या गाडीला अठरा वर्षे पूर्ण लागतात, आणि सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरताच असतो.

शिक्षकांसाठी एक सूचना. गावात कोणाचे अपघातात सापडलेले, टाकून दिलेले हेल्मेट असेल तर ते प्रयोगशाळेसाठी मागून घ्या. शिक्षकांनी स्वतः करवतीने ते मधोमध कापावे. मुलांच्या हाती करवत देऊ नये. आतील थराची जाडी चार-पाच ठिकाणी पट्टीने मोजा. जिथे आघात बसला तिथली जाडी आणि विरुद्ध बाजूची जाडी वेगवेगळी लिहा. दोन्हींतील फरक मिलिमीटरांत येईल. तो वर दिलेल्या हिशेबात घाला आणि त्या दिवशी त्या डोक्याने गुरुत्वत्वरणाच्या किती पट सोसले असेल, ते फळ्यावर काढा.